इंग्रजीत ‘भरपूर’ म्हणायचंय, पण कुठल्या शब्दात? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेले प्रश्न वाचताना लक्षात आलं की बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडलंय. मराठीत आपण भरपूर म्हणतो आणि मोकळे होतो, इंग्रजी लिहायला बसलं की मात्र अबन्डंट, ॲम्पल, कोपियस, प्रोफ्यूज, लॅव्हिश अशी सगळी मंडळी एकदम दारात उभी राहतात आणि कुणाला आत घ्यायचं तेच कळत नाही. म्हणून या वेळचं सदर फक्त त्यांचं. काही पत्रं लांबलचक होती, ती कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : माझी मुलगी दहावीला आहे, तिने लग्नसमारंभावरच्या निबंधात ‘देअर वॉज रॅम्पन्ट फूड अँड रायफ हॅपिनेस’ असं लिहिलं आणि बाईंनी दोन्ही शब्दांखाली लाल रेघ मारली. मुलगी म्हणते मोबाईलवर अबन्डंटचे समानार्थी शब्द शोधले तर त्यात हे दोन्ही होते, मग मार्क का कापले? मला पण तिचं पटतंय.
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मला बाईंचं पटतंय. मोबाईल खोटं बोलला नाही, हे शब्द त्या यादीत असतात, पण यादीत एकत्र बसले म्हणून वाक्यात एकमेकांच्या जागी बसतील असं नाही. रॅम्पन्ट हा मूळचा फ्रेंचमधला, तिथे त्याचा अर्थ चढणारा, झेपावणारा. स्कॉटलंडच्या राजध्वजावर पिवळ्यावर लाल सिंह आहे बघा, मागच्या पायांवर उभा राहून पंजे उगारलेला, त्या पोझलाच रॅम्पन्ट म्हणतात. आता हा सिंह डोळ्यासमोर ठेवा आणि मग बघा हा शब्द कुणाबरोबर येतो : रॅम्पन्ट करप्शन, रॅम्पन्ट इन्फ्लेशन, बागेत माजलेलं तण. म्हंजे भरपूर आहेच, पण हाताबाहेर गेलेलं. रॅम्पन्ट फूड म्हणजे जेवण माजलंय आणि पाहुण्यांच्या अंगावर येतंय असा काहीतरी सीन होतो. रायफचं पण तेच, तो अफवा, रोगराई, लाचखोरी असल्या मंडळींतच उठबस करतो, आणि शिवाय नावाच्या आधी तो जवळपास कधीच येत नाही. ‘रूमर्स आर रायफ’ म्हणतात, ‘रायफ रूमर्स’ सहसा नाही. त्यामुळे रायफ हॅपिनेस वाचताना मांडवात आनंदाची साथ आली आणि महापालिकेने फवारणी सुरू केली असं वाटतं.

समानार्थी शब्दांची यादी ही विवाहमंडळाच्या यादीसारखी समजा, शिक्षण, उंची, पत्रिका सगळं जुळतंय असं कागदावर दिसतं, पण कुणाचं कुणाशी पटणार ते कागद सांगत नाही. आणि मुळात या याद्या ज्याने प्रसिद्ध केल्या त्या पीटर मार्क रॉजे या ब्रिटिश डॉक्टरने 1852 मध्ये आपला थिसॉरस काढला तो ज्यांच्या मनात अर्थ तयार आहे पण शब्द जिभेवर येत नाहीये अशा लोकांसाठी. ओळखीचा शब्द आठवून द्यायला, अनोळखी शब्द उचलून आणायला नाही.

मुलीला एक विचारा, मराठीत ती ‘तुडुंब केस’ म्हणेल का? ‘मुसळधार पैसा’? ‘उदंड ट्रॅफिक’? नाही ना म्हणणार, तुडुंब विहीर असते, मुसळधार पाऊस असतो, उदंड आयुष्य असतं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, ऐकून ऐकून आलंय. इंग्रजी आपल्या कानावर तेवढं पडत नाही म्हणून डिक्शनरीतली उदाहरणाची वाक्यं वाचायची. हॉर्नबीची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी (1948 पासून निघतेय) याच कामाची आहे, तीत अर्थाखाली वापर करून दाखवलेला असतो, तो वाचल्याशिवाय शब्द निबंधात टाकायचा नाही असा घरात नियमच करा.

आणि लग्नाच्या जेवणाला नेमका शब्द हवाच असेल तर लॅव्हिश आहे की. जुन्या फ्रेंचमधल्या कोसळणाऱ्या पावसाच्या शब्दावरून तो आलाय, आणि पाण्यासारखा पैसा ओतलाय हा भाव त्यात आजही आहे. ‘अ लॅव्हिश स्प्रेड’ लिहिलं असतं तर बाईंनी रेघ मारली नसती, कदाचित वहीवर ‘गुड’ दिलं असतं.

प्रश्न : आमचा दापोलीजवळ होमस्टे आहे. वेबसाईटसाठी मी स्वतः इंग्रजीत मजकूर लिहिलाय : ‘अबन्डंट ग्रीनरी, अबन्डंट फिश, अबन्डंट मँगोज, अबन्डंट रेन अँड लक्झुरियंट रूम्स’. भाचा पुण्याला असतो, तो हसला, पण काय चुकलं ते सांगितलं नाही.
– एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : भाच्याने हसण्यापेक्षा दोन ओळी दुरुस्त करून दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण असो, भाचे असेच असतात.

अबन्डंट चूक नाही, पण चारदा तोच शब्द आला की जाहिरात भूगोलाच्या पुस्तकासारखी वाटते, ‘या प्रदेशात खनिजे विपुल आहेत’ टाईप. एकेक घेऊ. हिरवाईला लश. लश म्हटलं की पानं रसरशीत, ओली, दाट, म्हणजे जुलैतला कोकण अगदी. माशांना टीमिंग, ‘द क्रीक इज टीमिंग विथ फिश’. हा शब्द जुन्या इंग्रजीत पिल्लं देणे, वीण होणे या अर्थाचा होता, त्यामुळे जिथे जिवंत काहीतरी वळवळतंय, धावतंय, गजबजलंय तिथे तो शोभतो. खाडी माशांनी, दादरचा पूल माणसांनी. पण ‘टीमिंग विथ फर्निचर’ नको, फर्निचर वळवळत नाही.

आंब्याला मात्र माझा सगळ्यात आवडता शब्द आहे, लेडन. ‘ट्रीज लेडन विथ मँगोज’. ओझं लादणे हा त्याचा अर्थ, त्यामुळे नुसते आंबे खूप आहेत एवढंच कळत नाही तर फांद्या वाकल्यात, खालच्या फांदीला बांबूचा टेकू दिलाय, हेही वाचणाऱ्याला दिसतं. ‘अबन्डंट मँगोज’ वाचून फळबाजारातला ढीग दिसतो. तुम्हाला झाड विकायचंय, ढीग नाही. मोहोराच्या दिवसांत लेडन वापरू नका बरं का, मोहोराला वजन नसतं, तेव्हा ‘प्रोफ्यूज ब्लॉसम’ चालेल, तिथे प्रोफ्यूज छान दिसतो.

पावसाला साधं हेवी. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्याला ‘अबन्डंट रेनफॉल’ हवामानवाले म्हणतील, पण छत्री घेऊन उभा असलेला माणूस ‘हेवी रेन’ म्हणतो, फारच कोसळत असेल तर ‘टॉरेन्शियल’. आणि पर्यटकांना बोलवायचं असेल तर या वाक्यात पाऊस किती ते सांगायची गरज आहे का याचाही विचार करा.

राहिल्या खोल्या. इथे भाचा हसला असणार. लक्झुरियंट म्हणजे जोमाने वाढलेलं, घनदाट : लक्झुरियंट केस, लक्झुरियंट वेली. तुम्हाला ‘लक्झुरियस’ म्हणायचं होतं, आरामदायी. आत्ताचं वाक्य वाचून गिऱ्हाईकाला वाटेल की खोलीत झाडी माजलीय. तुमच्याकडे साप-विंचू नाहीत असं खाली लिहिलंय तुम्ही, ते वाचून तर जास्तच.

प्रश्न : ऑफिसात सगळे ‘वुई हॅव ॲम्पल ऑफ टाइम’ असं लिहितात. नवीन मॅनेजर बाहेरची आहे, ती दरवेळी ‘ऑफ’ खोडते. बरोबर कोण? आणि ॲम्पल, इनफ, ॲडिक्वेट यात मोठं कोण?
– हिंजवडीतून

उत्तर : मॅनेजर बरोबर. ‘प्लेन्टी ऑफ टाइम’ आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ॲम्पलला पण आपण ते शेपूट लावतो. प्लेन्टी हे तिथे नाम आहे म्हणून त्याला ऑफ लागतं, ॲम्पल हे विशेषण, ते सरळ जाऊन वेळेला चिकटतं, ‘ॲम्पल टाइम’, संपलं. ‘अबन्डंट ऑफ’ पण नाही, ‘ॲन अबन्डन्स ऑफ’ चालतं. मी हे सरकारी टेंडरमध्ये वाचलंय, पार्किंगच्या पाट्यांवर वाचलंय, एवढंच काय इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिरातीत पण ‘ॲम्पल ऑफ पार्किंग’ वाचलंय, त्यामुळे तुमच्या ऑफिसने फार मनाला लावून घेऊ नये.

मोठं कोण म्हणाल तर इनफ म्हणजे पुरेसं, ॲम्पल म्हणजे पुरून उरेल, आणि अबन्डंट म्हणजे मोजायचा प्रश्नच नाही. म्हणूनच ‘ॲम्पल इनफ’ सहसा खटकतं, पुरून उरणाऱ्याला पुरेसं कशाला म्हणायचं. ॲडिक्वेटपासून मात्र जपून. कागदावर त्याचा अर्थ पुरेसा असाच आहे, पण माणसाच्या कामाला तो लावला की जेमतेम असा वास येतो. अप्रेझलमध्ये ‘हर वर्क इज ॲडिक्वेट’ असं आलं तर पेढे वाटू नका.

प्रश्न : फुल ऑफ की फुल विथ? आणि हाउसफुल्लमध्ये एल एक की दोन?
– ठाणे

उत्तर : फुल ऑफ. आपण मराठीत ‘पाण्याने भरलेला’ म्हणतो, त्या ‘ने’चं विथ करतो आणि फसतो. लक्षात ठेवायला सोपं आहे, फुल एकटाच ऑफ घेतो, त्याचे भाऊबंद सगळे विथ घेतात : फिल्ड विथ, पॅक्ड विथ, ब्रिमिंग विथ, रिप्लीट विथ, आणि वरच्या उत्तरांतले टीमिंग, लेडन आणि रायफसुद्धा. खनिजं, जीवनसत्त्वं यांच्यासाठी रिच इन. गच्च भरलेल्या लोकलला पॅक्ड किंवा जॅम-पॅक्ड म्हणा. इंग्रज लोक डब्यातल्या सार्डिनसारखे कोंबलेले असंही म्हणतात, सार्डिन म्हणजे आपली तारली, पण आपल्याकडे तारली बाजारात ताजी मिळते त्यामुळे डब्याचं ते चित्र आपल्या डोळ्यासमोर चटकन येत नाही.

एलचं म्हणाल तर शब्दाच्या शेवटी जोडून आलेल्या ‘फुल’ला एकच एल : ब्यूटिफुल, केअरफुल, स्पूनफुल. स्वतंत्र आला की दोन. थिएटरवर जी पाटी लागते ती आपली देशी, इंग्लंडात ‘फुल हाउस’ किंवा ‘सोल्ड आउट’ म्हणतील, तिकडे हाउसफुल म्हणजे घरभर माणसं, गणपतीत आपल्याकडे असतात तशी. पण नाटकाच्या तिकीटखिडकीवर लाल अक्षरात हाउसफुल्ल लागतं तेव्हा त्यातला जोडाक्षरातला ‘ल्ल’ हाच खरा आनंद आहे, तो एक एल करून कमी करायला मी सांगणार नाही. मुंबईतलं ‘फुल टू’ पण तसंच, ते इंग्रजी समजून वापरू नका म्हणजे झालं.

प्रश्न : मी निवृत्त संस्कृत शिक्षक. इंग्रजी ‘फुल’ आणि आपलं ‘पूर्ण’ एकाच मुळाचे असं विद्यार्थ्यांना सांगत असे. एका नातवाने हे व्हॉट्सॲप ज्ञान म्हणून उडवून लावलं. खुलासा करावा.
– कोल्हापूर

उत्तर : सर, तुम्ही बरोबर आणि नातू या एका बाबतीत चूक, तरी त्याचा संशय तब्येतीला चांगला आहे, कारण व्हॉट्सॲपवर प्रत्येक इंग्रजी शब्द संस्कृतातून चोरलेला असतो. इथे चोरी नाही, सख्खं-चुलत नातं आहे. इंडो-युरोपीय भाषांच्या समाईक पूर्वज भाषेत भरणे या अर्थाचा एक धातू होता, त्यातून संस्कृतात पूर्ण आलं, लॅटिनमध्ये प्लेनुस आलं आणि इंग्रजी-जर्मनच्या जर्मानिक शाखेत ‘प’चा ‘फ’ होऊन फुल आलं. हा बदल नियमाने झालाय, पितृ-फादर, पाद-फूट, तसंच पूर्ण-फुल. लॅटिनच्या बाजूने पुढे इंग्रजीत प्लेन्टी, प्लेन्टिफुल, कम्प्लीट, रिप्लीट, डिप्लीट असं सगळं गोत आलं. म्हणजे प्लेन्टिफुल या एकाच शब्दात ते मूळ दोनदा बसलंय, एकदा लॅटिनकडून आणि एकदा घरचं.

आणि आपल्याकडे बघा ना, पुरणपोळीतलं पुरण म्हणजे भरण्याची वस्तू, तेच मूळ. नदीला येतो तो पूर. पुरेसं, पुरून उरणं. भरपूरमधला दुसरा अर्धा भाग हाच. पहिला अर्धा भाग ‘भर’, तो भृ धातूचा, आणि इंग्रजीतला ओझं वाहण्याचा ‘बेअर’ त्याचाच चुलतभाऊ. त्यामुळे मराठी माणूस ‘भरपूर’ म्हणतो तेव्हा इंग्रजीच्या दोन नातेवाइकांना एका दमात हाक मारतो.

नातवाला अजून एक द्या. अबन्डंटच्या पोटात लॅटिन ‘उन्दा’ आहे, म्हणजे लाट. काठ ओलांडून वाहणारं ते अबन्डंट. पुरात बुडवणारं इनन्डेट पण त्याच लाटेचं, आणि सराउंडसुद्धा, ज्याला आपण वर्तुळाशी जोडतो, तो मुळात वरून वाहून जाणारा, राउंडची सावली त्यावर नंतर पडली. रिडन्डंट पण, उतू जाऊन जास्तीचं झालेलं, लंडनमध्ये नोकरी गेली की माणसाला हेच विशेषण मिळतं. आणि या उन्दाचं मूळ पाण्याच्या ज्या धातूशी जातं त्याच धातूचं आपलं उदक आणि समुद्रातलं ‘उद्र’. व्युत्पत्तीचा शब्दकोश उघडून ताडून बघ म्हणावं, फॉरवर्ड करू नकोस.

प्रश्न : एमपीएससीच्या इंग्रजी पेपरसाठी शब्द पाठ करतोय. कोपियस, प्रोफ्यूज, प्लेथोरा, मिरियड हे कुठेही वापरले तर चालतात ना? इम्प्रेशन पडतं म्हणतात.
– पेठेतल्या अभ्यासिकेतून

उत्तर : इम्प्रेशन पडतं, कुठल्या बाजूला ते वापरावर आहे. कोपियसचा मित्रपरिवार छोटा : कोपियस नोट्स, कोपियस अमाउंट्स, कोपियस टिअर्स. ‘कोपियस फ्रेंड्स’ नाही. प्रोफ्यूज म्हणजे ओतणं, घाम, रक्त, माफी आणि आभार, यांच्यासोबत तो जास्त दिसतो, आणि क्रियाविशेषण होऊन तर खूपच, ‘ही अपॉलोजाइज्ड प्रोफ्यूजली’. प्लेथोरा हे विशेषण नाहीच, नाम आहे, मुळात ग्रीक, वैद्यकात शरीरात रक्त जास्त झाल्याच्या अवस्थेला म्हणायचे, त्यामुळे जुन्या वळणाचे परीक्षक त्यात ‘अति’ शोधतात, नुसतं ‘खूप’ म्हणून घातलं तर नाक मुरडतात. मिरियड ग्रीकमध्ये दहा हजार. ‘मिरियड वेज’ आणि ‘अ मिरियड ऑफ वेज’ दोन्ही चालतं, यावर अभ्यासिकेत भांडणं होतात असं ऐकलंय, ती बंद करा.

कोपियसची एक गोष्ट मात्र सांगतोच. त्याचं मूळ लॅटिन कोपिया, विपुलता, आणि मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याच शब्दाला नक्कल, प्रत असा अर्थ आला, त्यातून आला कॉपी. म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये जिला आपण कॉपी म्हणतो ती आणि तुमच्या ‘कोपियस नोट्स’ एकाच आईच्या लेकी. इरॅस्मस या डच विद्वानाने 1512 मध्ये याच कोपियावर, म्हणजे भाषेच्या श्रीमंतीवर, पाठ्यपुस्तक काढलं आणि ‘तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला’ हे एकच वाक्य शंभराहून जास्त प्रकारे लिहून दाखवलं. पण त्याला त्यातलं प्रत्येक वाक्य कुठे शोभतं ते माहीत होतं, आणि तुमच्या पेपरला वेळ ठरलेला असतो, त्यामुळे ‘मेनी’ आणि ‘अ लॉट ऑफ’ यांना कमी समजू नका.

प्रश्न : निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या निरोपपत्रात ‘वुई ऑफर अवर फुलसम प्रेझ’ असं छापलं. एकजण म्हणतो हा अपमान झाला. खरं का?
– सोलापूर

उत्तर : अर्धं खरं. मध्ययुगात फुलसम म्हणजे विपुल असंच होतं, पुढे त्याला अतिगोड, मळमळेल इतकं, असा अर्थ चिकटला आणि फुलसम प्रेझ म्हणजे लाळघोटेपणाची स्तुती झाली. आता पुन्हा बरेच लोक भरभरून या चांगल्या अर्थाने लिहितात आणि डिक्शनऱ्यांत दोन्ही अर्थ सापडतात. म्हणजे वाचणारा कुठल्या पिढीचा त्यावर सगळं अवलंबून, आणि असला शब्द निरोपपत्रात कशाला घ्यायचा. ‘वॉर्म’, ‘ग्लोइंग’ हे सुरक्षित. साहेबांना काही बोलू नका, त्यांनी ते फ्रेम केलं असेल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत नवीन आलोय. मुलाची टीचर हसत म्हणाली, ‘ही इज क्वाइट अ हँडफुल!’ आम्ही थँक यू म्हणून आलो.
– एक बाबा

उत्तर : मुलगा उचापती आहे, आवरत नाही, असं म्हणाली ती. हँडफुल म्हणजे मूठभर, आणि ‘ओन्ली अ हँडफुल केम’ म्हणजे मोजकेच आले, म्हणजे दिसायला भरलेला असूनही हा शब्द कमीच दाखवतो. पण लेकराला लावला की हात भरून ठेवणारा, दुसरं काही करू न देणारा. हसत म्हणाली म्हणजे जीव आहे त्याच्यावर, तरी पुढच्या मीटिंगला थोडी तयारी करून जा.

प्रश्न : दुकानाबाहेर ‘डिस्काउंट्स गलोर’ लिहिलंय. शब्दांची उलटापालट झाली का?
– डोंबिवली

उत्तर : नाही, बरोबर आहे. गलोर आयरिश भाषेतून आलाय, तिथे त्याचा अर्थ भरपूर, पुरेसं, आणि तो नावाच्या मागेच उभा राहतो, ‘गलोर डिस्काउंट्स’ केलं तर चुकेल. बोलण्यातला, जाहिरातीतला शब्द आहे, बँकेच्या अर्जात वापरू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्याच पाटीवर ‘सेल’चं स्पेलिंग मात्र जहाजाच्या शिडाचं आहे, तेवढं दुकानदाराला सांगा.